हिरेमठ बाईंच्या ताब्यातला नीलगरुड

जगात प्रत्येक गोष्टीची पारख करणारा कोणीतरी असतो, आणि त्या पारख करणाऱ्याचीही पारख करणारा एक जण वर बसलेला असतो. हे वाक्य आमच्या शाळेच्या जिन्यातल्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. त्याखाली ‘सायकली येथे लावू नयेत’ असंही लिहिलेलं होतं आणि तिथं सायकली लावलेल्या असत. वर बसलेला तो एक जण कोण, याबद्दल मात्र मुलांच्या मनात शंका नव्हती. जिना चढून गेलं की डाव्या हाताला नववी ब चा वर्ग होता आणि तिथं हिरेमठ बाई भूमिती शिकवत.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. बाईंपेक्षा बराच धाकटा. थोर माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासून बेताचं आहे. शाल-श्रीफळ देऊन ज्यांना मोठं केलं जातं, त्यांना मी व्यासपीठावर खुर्च्या लावता लावता जवळून पाहिलंय; शालीखाली बहुतेक वेळा नुसता शर्टच असतो. हिरेमठ बाईंपुढं मात्र माझं काही चाललं नाही. त्या समोरून आल्या की मी आजही शर्टाचं वरचं बटण चाचपतो, आणि मी निवृत्त होऊनही आता काही वर्षं झाली आहेत.

बाई मूळच्या दुधनीच्या. घरात कानडी, वर्गात मराठी आणि राग आला की कुठलीच भाषा नाही, नुसतं बघणं. उंचीनं इतक्या लहान की फळ्याचा वरचा भाग त्यांनी कधी वापरलाच नाही. तिथं सबंध वर्षभर जूनमधल्या स्वागताचा सुविचार तसाच राहायचा. कपाळावर विभूती, हातात कापडी पिशवी, पिशवीत सहा इंची लाकडी पट्टी. पट्टी मारण्यासाठी नव्हती. तीस वर्षांत त्यांनी कुणाला बोट लावलं नाही. पट्टी रेघ ओढण्यासाठी होती. पट्टीशिवाय ओढलेल्या रेघेला त्या रेघ मानत नसत. किराणा दुकानाच्या यादीतला गूळ खोडायचा असला तरी पिशवीतून पट्टी निघे, गूळ सरळ रेघेत खोडला जाई, आणि दुकानदार तोवर हात जोडल्यासारखा उभा राही.

त्यांची दोन वाक्यं शाळेत प्रसिद्ध होती. पहिलं परीक्षेसाठी: “विचारलं तेवढंच सांगायचं.” कोनाचं माप विचारलं तर माप सांगा, त्याचं कुळ-गोत्र सांगू नका. दुसरं वाक्य होतं, “कागद खाली ठेव.”

हे दुसरं समजण्यासाठी बाईंच्या कानाबद्दल सांगायला हवं. बाई फळ्याकडं तोंड करून प्रमेय मांडत असत. मागच्या बाकावर कुणीतरी मांडीवर कॉमिक उघडे. बाई न वळता म्हणत, “कागद खाली ठेव.” पोरं हादरत. काहींचं म्हणणं होतं की बाईंच्या अंबाड्यात आरसा आहे. मी एकदा स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा बाईंनी मला साध्या हिशेबासारखं समजावलं. पाठ्यपुस्तकाचं पान कोरडं वाजतं. वहीचं पान जाड वाजतं. कॉमिकचं पान मऊ असतं, दमलेलं. ते उलटताना जुनं धोतर झटकल्यासारखा आवाज येतो. “तुम्हाला येत नाही ऐकू?” त्यांनी विचारलं. मी त्यानंतर आठवडाभर माझ्या वर्गात कान देऊन होतो. मला फक्त पंखा ऐकू आला.

जप्तीची पद्धत ठरलेली होती. बाई बाकापाशी येत. कॉमिक हातात घेत, दोन्ही हातांनी, ताट घ्यावं तसं. मग एकच शब्द विचारत: “नाव?” पोरगा नाव सांगे. बाई मुखपृष्ठाच्या उजव्या कोपऱ्यात शाईनं त्याचं नाव आणि इयत्ता लिहीत, आणि म्हणत, “दहावी पास झालास की घेऊन जा.” बस. पालकांना निरोप नाही, हेडमास्तरांकडं रवानगी नाही. दुसरे मास्तर असली पुस्तकं फाडत, नाहीतर स्वतःच्या मुलांना नेऊन देत. बाई ती घरी नेऊन एका पत्र्याच्या ट्रंकेत आडवी ठेवत. खाली सोलापुरी चादर, मध्ये वेखंडाचे तुकडे, आणि दर उन्हाळ्यात सावलीत हवा. ट्रंकेतल्या एकाही पुस्तकाचा कोपरा दुमडलेला नव्हता. का, तर काटकोन काटकोनच राहिला पाहिजे.

त्या ती वाचतसुद्धा. प्रत्येक एकदाच, रविवारी. “मुलं काय वाचतात ते बघायला नको?” असं त्यांचं म्हणणं. ‘नीलगरुड’ नावाच्या उडत्या वीराबद्दल त्यांचं मत मला अजून आठवतं: “त्याची सावली बरोबर पडते. सूर्य कुठं आहे ते चित्र काढणाऱ्याला माहीत आहे. शहाणा मुलगा असणार तो.” नीलगरुडाच्या चित्रकाराला आयुष्यात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळालं असेल असं वाटत नाही, आणि हे तर त्याला मिळालंच नाही.

काही मुलं दहावी झाल्यावर खरंच येत. गुणपत्रिका दाखवत. बाई आधी भूमितीचे गुण बघत, मग ट्रंक उघडत आणि पुस्तक हातात देताना म्हणत, “नीट धर, कोपरा दुमडेल.” पण बहुतेक आली नाहीत. कुणाला धीर झाला नाही, कुणाला मिशा फुटल्यावर नीलगरुडाची लाज वाटली. ट्रंक भरत गेली.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला एक माजी विद्यार्थी प्रमुख पाहुणा होता. मुंबईहून आलेला, मोठ्या हुद्द्याचा. त्याच्या आधी त्याची फुलं आली होती. निवृत्त शिक्षकांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. पाहुण्यानं खिशातून भाषण काढलं, घसा साफ केला, ‘मूल्याधिष्ठित’ हा शब्द दोनदा वापरला आणि पान उलटलं. पहिल्या रांगेतून आवाज आला, “कागद खाली ठेव.” मोठ्यानं नाही, नेहमीच्याच आवाजात. पाहुण्यानं कागद टेबलावर ठेवला आणि हात मागं बांधले. मग म्हणाला, “या शाळेत मला भूमिती आली नाही. पण खोटं बोलताना भीती वाटते, ती इथलीच.” आणि बसला. माझ्या हयातीत ऐकलेलं ते सर्वांत चांगलं भाषण.

आता गोष्ट यंदाच्या उन्हाळ्याची. बाई ऐंशीला टेकल्या, गुडघे गेले, आणि हुबळीचा भाचा महेश त्यांना कायमचा न्यायला आला. महेश बँकेत आहे आणि त्याला जुनी कॉमिक्स जमवण्याचा नाद आहे. आत्याच्या ट्रंकेत काय आहे हे त्याला इतकी वर्षं माहीत नव्हतं. बाईंना कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं तेवढंच सांगायचं हा नियम त्यांनी स्वतःलाही लावलेला होता. ट्रंक उघडल्यावर महेश जमिनीवर बसला तो उठेचना. तळाशी ‘नीलगरुड’चा पहिला अंक होता. नव्याकोऱ्यासारखा.

बाईंनी मला निरोप धाडला. “सर, या. पुण्याहून कोणी पुस्तकांचे डॉक्टर येणार आहेत.”

डॉक्टर म्हणजे मोघे नावाचे गृहस्थ. जुन्या कॉमिक्सची तपासणी करून ती अमेरिकेला पाठवण्याजोगी आहेत का, हे ते सांगतात. तिथं एक कंपनी पुस्तकाला दहापैकी गुण देते आणि कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवते. डबी उघडली की गुण रद्द. मोघ्यांनी स्वतःचं टेबलक्लॉथ आणलं होतं, भिंग आणलं होतं, पांढरे हातमोजे आणले होते. काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी पंखा बंद करायला सांगितला, पानं उडू नयेत म्हणून. सोलापुरात, मे महिन्यात, दुपारी. पाच मिनिटांत हातमोजे ओले झाले आणि काढावे लागले. मी मनात म्हटलं, हे शालवाल्यांपैकीच दिसतात.

बाईंचं तसं नव्हतं. त्या पुढं सरकून बसल्या होत्या.

“हे दुसरं पुस्तक. दहापैकी किती?”

“सहा, बाई.”

“चार कुठं गेले?”

मोघ्यांनी दाखवलं. पाठीच्या घडीवर केसासारख्या रेघा, त्याचा एक. पिनांना गंज चढून कागदावर उतरलेला, त्याचा दीड. पानं पिवळी, त्याचा एक. मागं शाईचा ठिपका, अर्धा.

बाईंनी भिंग मागून घेतलं आणि प्रत्येक जागा स्वतः बघितली. मग माझ्याकडं वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. “बघा सर. अर्धा गुण कापायला सुद्धा कारण देतात. कुठं राहतात म्हणालात हे लोक?”

मोघे मग म्हणाले की बाकीची पाठवण्यात अर्थ नाही. फी, विमा आणि टपाल मिळून पुस्तकापेक्षा जड होतील. पाठवायचा तर एकच, नीलगरुड. हे म्हणताना त्यांचा आवाज उतरला. “कोपरे बघा. पन्नास वर्षांच्या आसपासचा हा कागद. असे कोपरे मी पाहिले नाहीत.”

“काटकोन आहेत,” बाई म्हणाल्या.

“साडेनऊ मिळाले असते. देशात अशी प्रत दुसरी नसेल. पण मुखपृष्ठावर हे नाव लिहिलंय.” नाव होतं: अंबादास दासरी, ९ ब. “यानं पार खाली येईल. पण माझ्या ओळखीत एक माणूस आहे. शाई अशी काढतो की भिंगालासुद्धा दिसत नाही.”

महेश म्हणाला, “आत्या, नुसतं नाव तर पुसायचंय.”

बाईंनी भिंग टेबलावर ठेवलं. “नाव आहे म्हणून ते ठेवायला दिलेलं आहे, महेश. नाव पुसलं की ते चोरीचं झालं की.”

मोघे टेबलक्लॉथची घडी घालू लागले. मी उठून पंखा लावला. पुण्याच्या माणसाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची तर ते वाद घालत बसले नाहीत. जाताना उंबऱ्यापाशी वाकून बाईंना नमस्कार करून गेले.

महिनाअखेरीला बाई हुबळीला जाणार होत्या. त्याआधी ट्रंकेतलं प्रत्येक पुस्तक ज्याचं त्याला पोचलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि काम मला लावलं. माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर एरवी सकाळी फुलं आणि संध्याकाळी अफवा येतात. तिथं मी नावं टाकली आणि अट लिहिली: दहावी पास, गुणपत्रिकेसह. तासाभरात ग्रुप जागा झाला. पन्नाशी-साठीतली माणसं गुणपत्रिकांची झेरॉक्स घेऊन येऊ लागली. एका सिव्हिल इंजिनिअरचे भूमितीचे गुण पाहून बाई म्हणाल्या, “तुझे पूल उभे आहेत ना अजून?” तो म्हणाला, “आहेत बाई.” त्याला पुस्तक मिळालं.

अंबादास दासरीला कुणीतरी शहराच्या पूर्व भागातून, यंत्रमागांच्या वस्तीतून शोधून काढलं. टॉवेलचा छोटा कारखाना आहे त्याचा. तो आला, पायरीवर चपला काढल्या आणि खुर्ची असून उभा राहिला. महेश आतल्या दारात येऊन थांबला. त्याचा जीव अजून त्या साडेनवात होता.

बाईंनी विचारलं, “दहावी झाली?”

“न्हाय बाई. नववीतच सुटली शाळा. वडलांचा हात मागात गेला, मग मीच बसलो मागावर.”

पुस्तक बाईंच्या मांडीवर होतं. ग्रेस मार्क हा प्रकार त्यांनी जन्मात केला नव्हता. एका गुणानं नापास होणाऱ्या मुलाचे वडील रडले तेव्हा त्यांना पाणी दिलं होतं, गुण नव्हता दिला. मला वाटलं, आज काहीतरी मोडणार: नियम तरी, नाहीतर हा माणूस.

“मग देता येत नाही,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा सरळ नव्हता.

“मी कुटं द्या म्हणतोय?” अंबादास म्हणाला. “ते माझं नव्हतंच की.”

“तुझं नाव आहे यावर.”

“तुमी नाव इचारलं, मी नाव सांगितलं. कुणाचं हाय ते इचारलंच न्हाय. इचारलं तेवढंच सांगायचं, तुमीच म्हणत होता.” तो जरासा हसला, पण लगेच थांबला. “माझ्या अक्काचं होतं ते. नागमणीचं. ती घरात विड्या वळायची. चौथीनंतर शाळा न्हाय. विड्यांच्या पैशातनं घ्यायची असली पुस्तकं आणि सुपात पानांखाली ठेवून वाचायची. मराठी ती त्याच्यावरच शिकली. हे नवंच आणलेलं. तिनं उघडायच्या आधी मी पळवलं.”

“मग तिला काय सांगितलंस?”

“बाईंनी घेतलं म्हणून सांगितलं. लई मारली मला. हितं येऊन मागते म्हणत होती, पण तिला शाळेत कोण येऊ देणार?”

बाई पुस्तकाकडं बघत होत्या. मग त्यांनी मलाच विचारलं, “सर, बोर्डाच्या पेपरात प्रश्नच चुकलेला असला तर काय करतात?”

“सगळ्यांना पूर्ण गुण देतात, बाई.”

“माझा प्रश्न चुकला होता,” हिरेमठ बाई म्हणाल्या. “तीस वर्षं. ‘नाव’ नाही, ‘कोणाचं’ असं विचारायला हवं होतं.” आणि दाराकडं न बघता, “महेश, ट्रंकेतली राहिलेली सगळी देऊन टाकायची. पास-नापास बघायचं नाही. कोणाचं आहे एवढंच विचारायचं.”

मी कितीतरी लोकांना व्यासपीठावरून चुका कबूल करताना ऐकलंय. त्यात चूक नेहमी इतरांची असते. एका शब्दाची चूक सापडल्यावर आपला तीस वर्षांचा कायदा बसल्या जागी मागं घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग त्यांनी पिशवी मागितली. पट्टी काढली, पेन काढलं. महेश “आत्या, नको” एवढंच म्हणू शकला. बाईंनी पट्टी मुखपृष्ठावर ठेवली, ‘अंबादास’वरून एक सरळ रेघ ओढली, ‘९ ब’वरून दुसरी, वर ‘नागमणी’ लिहिलं आणि बाजूला आपली आद्याक्षरं घातली, पेपरातली दुरुस्ती करताना घालतात तशी. साडेनवाचं काय झालं ते विचारायला महेशनं मोघ्यांना फोटो पाठवला असं मला नंतर कळलं. मोघ्यांनी उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

“चला,” बाई म्हणाल्या. “गुडघे दुखतात, रिक्षा बोलवा.”

नागमणीबाई भावाच्या कारखान्यामागं राहतात. आम्ही गेलो तेव्हा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. आता गरज नाही, पण हाताला चैन पडत नाही, असं अंबादास म्हणाला. मागांचा खडखडाट चालू होता. तो आत जाऊन माग बंद करून आला. बाईंनी दोन्ही हातांनी पुस्तक पुढं केलं.

“हे तुमचं. माझ्याकडं राहिलं होतं. उशीर झाला.”

नागमणीबाईंनी ओल्या फडक्याला हात पुसले, सुपातली पानं बाजूला सारली आणि पुस्तक सुपात ठेवलं. चहा घ्या, बसा, असं काही म्हटलं नाही. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागल्या.

आम्ही बसून राहिलो. त्या बोट फिरवत, ओठ हलवत वाचत होत्या, एकेक चौकट. माग बंद असल्यामुळं पान उलटल्याचा आवाज आला, आणि या वेळी मलासुद्धा ऐकू आला: मऊ, दमलेला, जुनं धोतर झटकल्यासारखा. मी बाईंकडं पाहिलं. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. प्रत्येक पानाला त्यांची मान किंचित हले. ज्या आवाजावर त्यांनी तीस वर्षं पहारा दिला, तो त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या, आणि कुणालाही काही खाली ठेवायला सांगत नव्हत्या. दोन दिवसांनी त्या हुबळीला गेल्या. मी निरोपाला गेलो होतो, पण बाई आठवायच्या म्हटल्या की मला त्या अशा आठवतात.

नागमणीबाईंनी शेवटचं पान वाचलं. ते परत वाचलं. मग मलपृष्ठ उलटून पाहिलं.

“हा कड्यावरनं पडला,” त्या म्हणाल्या. “खाली ‘क्रमशः’ लिहिलंय. पुढचा भाग?”

बाईंनी डोळे उघडले.

“मी पण कितीतरी वर्षं वाट बघितली,” त्या म्हणाल्या. “कुणी वर्गात आणलाच नाही.”